मुलांचा गेमिंग कॉम्प्युटर जुना झाला : कोणता पार्ट बदलायचा, किती कर्ज घ्यायचं?



एप्रिलमध्ये कशेळे भागातल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, हप्ते झाले आणि कर्जमागणीचा विषय निघाला. एका ताईंनी साठ हजार मागितले. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पोराचा कॉम्प्युटर बदलायचाय." शेजारच्या काकूंनी विचारलं, "कसला कॉम्प्युटर?" ताई खाली बघत म्हणाल्या, "गेमचा."

मग काय, सगळ्या हसल्या. "खेळायला गटाचे पैसे?" असं एकीने विचारलंसुद्धा. खरं सांगते, मीही मनातल्या मनात "नाही" ठरवून टाकलं होतं. गटाकडे शिल्लक होती लाखभर. दोन महिन्यांवर जून. भाताचं बी, खत, लावणीची मजुरी, पोरांच्या वह्या-पुस्तकं, सगळ्याजणी तेव्हाच कर्ज मागणार. त्यातले साठ हजार एकाच घरात गेले तर बाकीच्यांनी काय करायचं?

पण ताईंनी हळूहळू सगळं सांगितलं. त्याच कॉम्प्युटरवर मुलगा लग्नाचे व्हिडिओ जोडून देतो. आपल्याकडे फार्महाऊसवर लग्नं किती होतात ते तुम्हाला माहीत आहे. एक फोटोग्राफर त्याला काम देतो. धाकटी मुलगी त्याच मशीनवर एमएस-सीआयटीचा सराव करते. आणि हो, रात्री गेमही चालतो. आता मशीन मध्येच अडकतं, दोन व्हिडिओ वेळेवर गेले नाहीत, फोटोग्राफर दुसरीकडे काम देईन म्हणतोय. दुकानात नेलं तर सांगितलं, "यात आता काही राहिलं नाही, सगळं नवीन घ्या, साठ हजार लागतील."

गटाने निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवला. मधल्या दिवसांत मी त्यांच्या घरी दोनदा जाऊन आले, मुलाबरोबर आणि मुलीबरोबर बसून एकेक गोष्ट तपासली. त्यातून जे कळलं ते सगळ्या गटांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे. आज हा प्रश्न एका घरात आहे, उद्या तुमच्या घरात येईल.

पत्र्याच्या डब्यात असतं तरी काय?

कॉम्प्युटर म्हणजे एक वस्तू नाही. डब्याच्या आत सहा-सात वेगळ्या वस्तू असतात आणि बहुतेक वेगवेगळ्या बदलता येतात. लग्नघरचा स्वयंपाक डोळ्यासमोर आणा.

प्रोसेसर म्हणजे मुख्य आचारी. काय आधी, काय नंतर, किती मीठ, हे तो ठरवतो.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसलेल्या बायकांची रांग. काम एकच, पण एकाच वेळी पुष्कळजणी करतात. गेममधलं चित्र असंच लाखो ठिपक्यांचं बनतं, म्हणून त्याला वेगळं कार्ड लागतं.

रॅम म्हणजे ओटा. आत्ता जे चाललंय ते सगळं ओट्यावर. ओटा लहान असेल तर एक भांडं ठेवायला दुसरं खाली उतरवावं लागतं.

हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे कोठीची खोली. सामान तिथे राहतं. कोठी लांब असेल तर आचारी हुशार असूनही हात बांधून उभा.

एसएमपीएस म्हणजे गॅसची टाकी. भिंतीतली वीज घेऊन सगळ्या पार्टना लागेल तशी पुरवते. मदरबोर्ड म्हणजे घराचा चौथरा. त्यावर सगळं बसवलेलं असतं, आणि चौथऱ्याच्या मापाबाहेरचं काही बसत नाही.

आता सांगा, जेवण उशिरा झालं तर आपण आचारी, ओटा, कोठी, गॅस सगळं एकदम बदलतो का? आधी बघतो, खोळंबा कुठे झाला. इथेही तेच करायचं.

पैसे लावण्याआधी फुकटची कामं

पहिलं काम सफाई. प्लग काढून डबा उघडा. त्या ताईंच्या मशीनमध्ये पंख्यावर धुळीचा थर बसला होता, वर कोळिष्टकं. धुळीने पंखा भरला की प्रोसेसर आणि कार्ड तापतात, आणि तापले की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतात. मशीन हळू झालं असं आपल्याला वाटतं, खरं तर ते उन्हात काम करत असतं. कोरडा मऊ ब्रश किंवा ब्लोअर वापरा. ओलं फडकं नको. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. मशीन चार-पाच वर्षांचं असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असते. ती नवीन लावून घ्या, खर्च किरकोळ असतो.

दुसरं, मॉनिटरची वायर. ग्राफिक्स कार्ड असताना वायर वरच्या बाजूला मदरबोर्डच्या खोबणीत लावलेली असते, आणि कार्ड नुसतं बसून राहतं. वायर खाली, कार्डाच्या खोबणीत हवी. हजारोंचं कार्ड घेऊन ते न वापरण्याचा हा प्रकार बऱ्याच घरांत होतो.

तिसरं, कोठी भरली आहे का? ज्या डिस्कवर विंडोज आहे ती काठोकाठ भरली की मशीन रडतं. जुने व्हिडिओ, पूर्ण झालेली कामं, न खेळले जाणारे गेम काढा. मशीन सुरू होताना आपोआप चालू होणारे प्रोग्राम बंद करा.

चौथं, अर्थिंग. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? मग घराचं अर्थिंग नीट नाही. हे आधी वायरमनकडून करून घ्या. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, विजा होतात, लाइट जाते-येते. अर्थिंग नसलेल्या घरात महागाचं कार्ड बसवणं म्हणजे गळक्या छपराखाली भाताची कणगी ठेवणं. आणि वीज कडकडायला लागली की प्लग काढायची सवय लावा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

खोळंबा कुठे आहे ते मशीनच सांगतं

यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते. त्यात परफॉर्मन्स या भागात सीपीयू, मेमरी, डिस्क, जीपीयू असे आकडे टक्क्यांत दिसतात. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, मेमरी म्हणजे रॅम, जीपीयू म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

मशीन जेव्हा अडकतं त्याच वेळी हे आकडे बघायचे. रिकामं असताना बघून काही कळत नाही. ताईंच्या मुलीने वहीत चार रकाने आखले आणि तीन दिवस आकडे लिहिले: मशीन सुरू होताना, व्हिडिओ जोडताना, गेम खेळताना. गटाची हिशोबाची वही असते तशीच.

आकड्यांचा अर्थ असा लावायचा.

डिस्क सारखी शंभर टक्क्यांवर, बाकी आकडे कमी : कोठी लांब आहे. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी हवी.

मेमरी नव्वदच्या आसपास किंवा वर : ओटा लहान आहे. रॅम वाढवायची.

गेम चालू असताना जीपीयू पंच्याण्णवच्या वर, सीपीयू त्याहून बराच कमी : भाकरीवाल्या कमी पडतात. ग्राफिक्स कार्डाची मर्यादा आली.

जीपीयू पन्नास-साठवर निवांत, तरी गेम अडखळतो : आचारी मागे पडतोय. प्रोसेसरची मर्यादा असू शकते.

शेवटच्या दोन्हींत शंका असेल तर सोपी परीक्षा आहे. गेमच्या सेटिंगमध्ये चित्राचं रिझोल्युशन कमी करा. खेळ एकदम सुरळीत झाला तर अडचण कार्डात. काहीच फरक पडला नाही तर अडचण प्रोसेसर किंवा रॅममध्ये.

ताईंच्या घरी आकडे काय आले? डिस्क जवळजवळ सतत शंभर, व्हिडिओ जोडताना मेमरी नव्वदच्या वर. ग्राफिक्स कार्ड फक्त एका नव्या गेममध्ये पूर्ण भरत होतं. म्हणजे धंद्याचं जे काम अडत होतं त्याचा कार्डाशी फारसा संबंधच नव्हता. दुकानात मात्र सगळ्यात महाग वस्तू म्हणून कार्डच आधी दाखवलं होतं.

एकेक पार्ट : काय बघून घ्यायचा

एसएसडी. जुनं मशीन असेल तर बहुतेक वेळा पहिला पैसा इथे लावावा. साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण शंभर-दीडशे एमबी माहिती वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास. आणि बारीकसारीक फायली शोधण्यात तर हार्ड डिस्क फारच मागे पडते, कारण तिच्यात फिरणारी तबकडी असते. एसएसडीमुळे मशीन लवकर सुरू होतं, गेम लवकर उघडतो, व्हिडिओचं काम अडत नाही. पण लक्षात ठेवा, गेममधलं चित्र त्याने सुंदर होत नाही. जुनी हार्ड डिस्क फेकायची नाही, ती फोटो-व्हिडिओ साठवायला आतच राहू द्या. बदलण्याआधी घरच्या फोटोंची एक प्रत वेगळी काढून ठेवा.

रॅम. आज गेम आणि व्हिडिओ दोन्ही करायचे तर १६ जीबी असावी. आठ जीबी असेल तर आणखी आठ घाला. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ असे प्रकार असतात आणि एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. म्हणून दुकानात जाताना जुन्या पट्टीचा फोटो सोबत न्या. एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा सारख्या दोन पट्ट्या बसवल्या तर मशीन दोन्ही हातांनी काम करतं. भावाचं मात्र सावध राहा. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जगभर वाढले, कारण एआयच्या मोठ्या डेटा सेंटरसाठी कंपन्या मेमरी उचलू लागल्या. त्यामुळे मागच्या वर्षी शेजाऱ्याला मिळाली त्या भावात मिळेल असं धरून कर्ज मागू नका. त्या आठवड्याचा भाव विचारा.

ग्राफिक्स कार्ड. हा सगळ्यात महाग पार्ट, म्हणून सगळ्यात शेवटी विचार. तीन गोष्टी मोजा: डब्यात लांबीने बसेल का, एसएमपीएसला झेपेल का, आणि मॉनिटर त्या लायकीचा आहे का. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट वीज मिळते. त्याहून मोठ्या कार्डाला एसएमपीएसकडून वेगळी वायर लागते. ती वायर नसेल तर कार्डाबरोबर एसएमपीएसचाही खर्च धरा. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं कार्ड किंवा जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेलं एवढ्या विजेत चालतात, म्हणून जुन्या मशीनसाठी लोक ती शोधतात. आणि घरातला मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. कार्ड दीडशे चित्रं काढू लागलं तरी डोळ्याला मिळणार साठच.

एसएमपीएस. हा पार्ट दिसत नाही म्हणून लोक यात पैसे वाचवतात आणि पुढे रडतात. डब्याबरोबर फुकट आलेला बिननावाचा एसएमपीएस असेल तर त्याच्या भरवशावर नवीन कार्ड बसवू नका. वॉट पुरेसे, '८० प्लस' हा शिक्का आणि लेखी वॉरंटी, एवढं बघा. यूपीएसचंही तसंच. बाजारात मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. मोठं कार्ड लावलं तर लाइट गेल्यावर तोही बसतो.

प्रोसेसर. नुसता प्रोसेसर बदलता येईल की नाही हे मदरबोर्डवर अवलंबून. एएमडीचा एएम४ चौथरा असेल तर नशीब चांगलं. २०१७ मध्ये पहिले रायझन आले तेव्हाच्या बऱ्याच बोर्डांवर बायोस अपडेट करून नंतरचे ५००० मालिकेचे प्रोसेसर बसतात. इंटेलने मात्र साधारण दर दोन पिढ्यांनी चौथरा बदलला आहे. तिथे नवा प्रोसेसर म्हणजे नवा बोर्ड, आणि नवा बोर्ड म्हणजे बहुतेक वेळा नवी रॅमही. खर्च एकावरून तीनवर जातो.

लॅपटॉप असेल तर गोष्ट छोटी आहे. त्यात बहुधा रॅम आणि एसएसडी एवढंच बदलता येतं, काही मॉडेलांत रॅमही नाही. ग्राफिक्स जवळजवळ नेहमीच आत पक्कं बसवलेलं असतं.

जुन्या मशीनवर पैसे कधी घालू नयेत?

मशीन किती वर्षांचं यापेक्षा कोणत्या पिढीचं हे विचारा. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीची सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेटची सोय जाहीर केली. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीचा रायझन २००० पासूनचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट. व्हॅलोरंटसारखा गेमसुद्धा विंडोज ११ वर हे दोन्ही चालू असल्याशिवाय सुरू होत नाही. बऱ्याच मशीनमध्ये ते असतं, फक्त बायोसमध्ये बंद असतं. म्हणून "तुमच्यात नाहीच" असं कोणी म्हणालं तर आधी बायोस बघायला सांगा.

ताईंच्या घरचं मशीन आठव्या पिढीचं आय५ निघालं. म्हणजे चौथरा अजून चांगला, त्यावर पैसे लावण्यात अर्थ होता.

तेच मशीन चौथ्या पिढीचं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. त्यात रॅम डीडीआर३, जी पुढच्या मशीनला चालणार नाही. विंडोज ११ अधिकृतपणे नाही. तिथे फार तर एक एसएसडी घ्यावी, कारण ती उद्या नव्या मशीनमध्ये काढून लावता येते. बाकी पैसे जमवत राहावं. हा नियम पक्का लक्षात ठेवा: जुन्या मशीनमध्ये तोच पार्ट घाला जो उद्या नव्यात नेता येईल. एसएसडी, चांगला एसएमपीएस, मॉनिटर, ग्राफिक्स कार्ड हे सोबत येतात. जुनी रॅम आणि जुन्या चौथऱ्याचा प्रोसेसर तिथेच राहतात.

खरेदीला जाताना

आपल्याकडून लोक मुंबईला लॅमिंग्टन रोडला जातात. कर्जत लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. जायला-यायला दिवस जातो, म्हणून यादी लिहूनच निघा आणि तीन दुकानांत भाव विचारा. तिकीट, जेवण, बुडालेली मजुरी धरून जवळच्या दुकानाशी तुलना करा. फरक पाचशेचा असेल तर जवळचं बरं, उद्या बिघडलं तर रिक्षाने परत नेता येतं.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या. "बिलाशिवाय स्वस्त देतो" म्हणाले की वॉरंटी गेली समजा. बिल गटाच्या फाइललाही लावता येतं. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

जुनं कार्ड घ्यायचं असेल तर समोर लावून अर्धा तास गेम चालवून बघा. पंख्याचा आवाज, चित्रावर रेघा, मध्येच बंद पडणं, हे तेवढ्यात कळतं. २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत इथेरियम नावाच्या आभासी चलनासाठी अशी कार्डं रात्रंदिवस चालवली जात होती, मग ती बाजारात विकायला आली. अनोळखी माणसाला आधी पैसे ऑनलाइन पाठवून वस्तूची वाट बघू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

निघालेले पार्ट भंगारवाल्याला देताना दोन गोष्टी पाळा. हार्ड डिस्क द्यायची असेल तर आतले आधारचे, पासबुकाचे फोटो पुसल्याशिवाय देऊ नका. आणि तांबं काढायला वायरी-बोर्ड जाळू देऊ नका, तो धूर विषारी असतो. ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून नवीन लागू झाले आहेत, तो कचरा नोंदणीकृत ठिकाणीच जायला हवा.

आता गटाचा हिशोब

ताईंच्या गटात अंतर्गत कर्जाला महिना २ टक्के व्याज आहे, शिल्लक मुद्दलावर.

साठ हजार, २० हप्ते : दर महिना मुद्दल ३,०००. पहिल्या महिन्याचं व्याज १,२००, म्हणजे पहिला हप्ता ४,२००. वीस महिन्यांत व्याज १२,६००. एकूण जाणार ७२,६००.

दहा हजार, १० हप्ते : दर महिना मुद्दल १,०००. पहिला हप्ता १,२००. दहा महिन्यांत व्याज १,१००. एकूण ११,१००.

व्याज गटातच राहतं, बुडत नाही, हे खरं. पण ते त्या ताईंच्या घरातून जातं. आणि व्हिडिओचं काम लगीनसराईत असतं, पावसाळ्यात नसतं. ४,२०० चा हप्ता जुलै-ऑगस्टमध्ये कुठून आला असता? लावणीच्या मजुरीतून. १,२०० चा हप्ता मात्र झेपण्यासारखा होता. मुलाने वही दाखवली, सीझनच्या महिन्यात चार-पाच व्हिडिओ, एकाचे पंधराशे. ते पैसे आईच्या हातात येतात का, हेही काकूंनी स्पष्ट विचारलं. मला तो प्रश्न फार आवडला.

एक प्रश्न मीही विचारला, आणि तुम्हीही विचारा : गेम पैसे लावून खेळतो का? नुसता खेळ वेगळा आणि पैसे लावून खेळणं वेगळं. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. असे गेम चालवणाऱ्यांना आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांना त्यात शिक्षा आहे. ई-स्पोर्ट्सला तोच कायदा मान्यता देतो. तेव्हा "गेम" शब्द ऐकून लगेच नाक मुरडू नका, पण डोळे मिटूनही घेऊ नका. मुलाशेजारी बसा, काय खेळतो ते बघा.

पुढे काय झालं?

पुढच्या बैठकीत ताईंनी मागणी बदलली. साठऐवजी दहा हजार. मुलीने आकड्यांची वही सगळ्यांसमोर वाचून दाखवली. एसएसडी, रॅमची एक पट्टी आणि थर्मल पेस्ट, प्रवासखर्च धरून साडेनऊ हजारांच्या आत बसलं. कर्ज एकमताने मंजूर झालं. जूनमध्ये मागणाऱ्यांसाठी पैसे शिल्लक राहिले.

मशीन आता पटकन सुरू होतं आणि व्हिडिओ वेळेवर जातात. नवा गेम मात्र अजून बारीक चित्रावरच खेळावा लागतो, त्यावर मुलगा थोडा नाराज आहे. कार्ड त्याने स्वतःच्या कमाईतून दिवाळीनंतर घ्यायचं, असं आईने सांगितलंय. तोपर्यंत घरच्या वायरिंगला अर्थिंग करून झालेलं असेल.

माझी चूक मी इथे कबूल करते. "गेम" शब्द ऐकून मी न विचारता नाही म्हणाले असते, तर त्या घरची चालती कमाई बंद पडली असती. आणि दुकानाचं ऐकून गटाने हो म्हटलं असतं, तर जूनमध्ये बाकीच्या ताया रिकाम्या हाताने परतल्या असत्या. दोन्ही वेळा चूक एकच झाली असती, ती म्हणजे न मोजता ठरवणं.

तुमच्या गटात अशी मागणी आली तर इतिवृत्ताच्या वहीत हे सात प्रश्न लिहून ठेवा :

१. या मशीनवर कोण काय काम करतं? त्यातून घरात पैसे येतात का?
२. सफाई, वायर, जागा, अर्थिंग, ही फुकटची कामं झाली का?
३. तीन दिवसांचे टास्क मॅनेजरचे आकडे कुठे आहेत?
४. प्रोसेसर कोणत्या पिढीचा? विंडोज ११ चालेल का?
५. मागितलेला पार्ट उद्या नव्या मशीनमध्ये नेता येईल का?
६. तीन ठिकाणचे भाव आणि पक्कं बिल मिळणार का?
७. पावसाळ्यातल्या महिन्यांत हप्ता कुठून येणार?

सातही उत्तरं मिळाली की ठरवणं सोपं जातं. आकडे बघताना काही अडलं तर वही घेऊन या, आपण एकत्र बसून बघू. पुढच्या महिन्यात प्रभागाच्या बैठकीआधी मी अर्धा तास लवकर येईन. ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी मुलांना, आणि मुलींनाही, सोबत आणा.

तुमची क्षेत्र समन्वयक